वाट आणि घर

गावातला कोणी काशीयात्रेहून परतला म्हणजे आपण त्याच्याभोवती गोळा होतो आणि ‘काय काय पाहिलंत?’ म्हणून विचारतो. तो नव्हता तेव्हा मागे घर कसे राहिले, हे सहसा कोणी विचारीत नाही. जुन्या कवींनी मात्र ते विचारलेले आहे.

रामायणच घ्या. राम 14 वर्षे वनात, आणि इकडे भरत नंदिग्रामात पादुकांपुढे बसून राज्य सांभाळतो आहे. ग्रीक कवी होमर याच्या ‘ओडिसी’चा नायक 20 वर्षांनी घरी येतो, 10 वर्षे युद्धात गेली, 10 परतीच्या वाटेवर. येतो तोही भिकाऱ्याच्या वेषात. मग त्याला प्रथम ओळखतो कोण? बायको नव्हे, मुलगाही नव्हे. दाराशी शेणाच्या ढिगावर पडलेला म्हातारा कुत्रा! तो धन्याला पाहून शेपटी हलवतो आणि तिथेच प्राण सोडतो. म्हातारी दाई पुढे पाय धुताना जुन्या व्रणावरून ओळखते. केवढे हे महाकाव्य, पण मला तो कुत्राच आठवतो.

आता आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात दारिद्र्य, म्हणून दक्षिणा मिळवावयास ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. जवळचे होते ते लुटले गेले. परतले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. तपशिलाच्या चुका इतिहासकार काढतात, काढोत बापडे! त्या स्नानासाठी घर जागेवर होते, हे महत्त्वाचे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) मात्र ते राहात नाही. तरुण मास्तर चालत वाडीवर येतो, धनगरांत रमतो. पण दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि वाडीच वाटेला लागते. इथे परतणाऱ्याला ओळखायला मागे कोण उरणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी मुले तुमच्यापैकी कित्येकांच्या हजेरीपटावर असतील. हंगाम संपून ती परत आली म्हणजे त्यांच्याकडून निबंध लिहवून घ्या. कारखान्याची हकीगत ती सांगतीलच. विषय असा द्या: ‘आम्ही आलो तेव्हा आम्हांला प्रथम कोणी ओळखले?’