डावखुरी जीप आणि समोरचा माणूस



वसंतातल्या या व्याख्यानांत आपण इतिहास ऐकता, तत्त्वज्ञान ऐकता. आज आम्ही बोलणार आहोत ते एका मोटारीविषयी. गाडी परदेशातून आलेली, परीक्षा मात्र येथली. या परीक्षेत पास होण्यासाठी तिच्यात काय बदलावे लागते, आणि हा बदल म्हणजे नुसता सरकारी जाच आहे काय, एवढाच आमचा विषय.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि अमेरिकन फौजांनी मागे ठेवलेल्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्रांनी विलिज जीपची जोडणी सुरू केली. अशा कित्येक गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात, म्हणून तेथे ते सोयीचे. आपण पडलो डाव्या अंगाने जाणारे! पुष्कळ जीपगाड्यांच्या पाठीवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे मोठ्या अक्षरांत रंगवलेले असे, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

कायद्याने या डावखुऱ्या गाड्यांना हाकलून दिले नाही. १९३९ च्या मोटार कायद्यात एकच अट होती, आणि १९८८ च्या कायद्यातही कलम १२० मध्ये तीच आहे: अशा गाडीला इशारा देण्याचे यांत्रिक किंवा विजेवरचे साधन हवे, आणि ते चालू स्थितीत हवे. असे का, ते पाहा. आपल्याकडे चालक उजवा हात बाहेर काढून वळण्याची किंवा थांबण्याची खूण करतो. डावीकडे बसलेल्याचा हात उजव्या बाजूने बाहेर कसा निघणार? मागून पुढे जाऊ पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही. तेव्हा हाताच्या जागी दिवा आला. त्या एका वाक्यामागे मागून येणाऱ्या माणसाची काळजी आहे.

नव्याने आयात होणाऱ्या गाड्यांस मात्र नियम अधिक कडक आहेत. स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेगमापक किलोमीटरचा हवा, आणि पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या अंगाने चालणाऱ्या वाहतुकीस साजेसा हवा. यातली दिव्यांची अट पुष्कळांना क्षुल्लक वाटते. आम्हांलाही वाटली होती.

त्याची हकीकत सांगतो. बेसा हे पूर्वी नागपूरबाहेरचे खेडे. आता तेथे शेतांच्या जागी घरे उभी राहिली आहेत. तेथल्या आमच्या घरी वडिलांच्या वेळची एक डावखुरी जीप आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, आणि मग दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती नवी करून घ्यावी लागते. अशाच एका तपासणीपूर्वी जर्मनीत राहणाऱ्या आमच्या पुतण्याने गाडीसाठी दिव्यांची एक झकास जोडी पाठवली. मिस्त्रीने ती बसवली आणि म्हणाला, "काकाजी, आता रात्रीचा दिवस होते पाहा!" आम्ही ऐटीत गाडी घेऊन गेलो. निरीक्षकांनी डिपर लावून झोत भिंतीवर पाहिला, मागचा इशाऱ्याचा दिवा पेटत नाही हेही पाहिले, आणि गाडी नापास केली!

आम्ही रागावलो. एवढा चांगला उजेड, आणि तोच दोष कसा? त्या रात्री मिस्त्री म्हणाला, "काकाजी, तुम्ही समोरून पायी या नं. मी गाडी आणतो." आम्ही बेशाच्या रस्त्यावर उभे राहिलो. गाडी आली आणि आमच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. पायाखालचा रस्ता दिसेना, कडेची नाली दिसेना. तेवढ्यात आमच्या बाजूने एक सायकलवाला घाईघाईने खाली उतरला आणि डोळ्यांवर आडवा हात धरून उभा राहिला. तो काही बोलला नाही. पण त्याचा तो आडवा हात आम्ही विसरलेलो नाही.

कारण साधे आहे. डिपरचा झोत दोन्हीकडे सारखा नसतो. आपल्याकडच्या दिव्यात तो डाव्या कडेला थोडा वर चढतो, म्हणजे कडेचा पादचारी दिसावा. उजवीकडे तो खाली राहतो, कारण तिकडून समोरची गाडी येते. जर्मनीत वाहतूक उजव्या अंगाने, म्हणून तेथला झोत उजवीकडे चढतो. तोच दिवा येथे लावला की तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्क्रू फिरवून भागत नाही. झोत सगळाच खाली आणला तर आपल्यालाच रस्ता दिसत नाही. दिवाच बदलावा लागतो. आम्ही तो बदलला, इशाऱ्याच्या दिव्याची तार नवी घातली, आणि गाडी पास झाली.

मग वेगमापकही आम्ही आपण होऊन हाती घेतला. तो मैलांचा. रस्त्यावर पाटी चाळीसची, काटाही चाळीसवर. पण चाळीस मैल म्हणजे चौसष्ट किलोमीटर! तबकडीवर किलोमीटरचे आकडे योग्य जागी छापून घेतले की काटा खरे बोलू लागतो. अंतर मोजणारे आकडे मात्र दात्यांच्या चाकांवर फिरतात. ती बदलल्यावाचून ते मैलच मोजत राहतात.

एक काम मात्र आम्ही केले नाही. "स्टिअरिंगही उजवीकडे घेऊ, जोड मारून देतो," असे एकाने सुचवले होते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल कलम ५२ मना करते, आणि ते योग्यच आहे. वेल्डिंगचा जोड धावत्या गाडीत निखळला तर चाके कोणाचे ऐकणार? जे बदलायचे ते नीट बदलावे. जे नीट बदलता येत नाही, ते तसेच ठेवून त्याची उणीव इशाऱ्याने भरून काढावी.

मंडळी, आम्ही तपासणीला गेलो तेव्हा गाडी आमची आहे एवढेच आमच्या मनात होते. निरीक्षक मात्र जो तेथे हजर नव्हता, त्याच्या वतीने पाहत होते. गाडी घेताना आपण तिचे रूप पाहतो, तिचा जोर पाहतो. तिचे दिवे समोरून कसे दिसतात हे आपल्याला कधीच दिसत नाही, कारण आपण नेहमी आत बसलेले असतो. म्हणून आमची विनंती एवढीच. गाडी परदेशी असो वा देशी, एकदा रात्री ती दुसऱ्याच्या हाती द्या आणि स्वतः रस्त्यावर तिच्या समोर उभे राहा. तेथे जे दिसेल, तीच खरी तपासणी.