फोटोच्या अलीकडे आणि पलीकडे

कुटुंबवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेऊन आज बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण डॉक्टरांनो,

एमबीबीएस झालेल्या मुलाला लग्नकार्यात हमखास विचारलं जातं, ‘मग आता एमडी कशात?’ त्यावर ‘फॅमिली मेडिसिन’ असं उत्तर द्यायचं आणि ते म्हणजे काय, हे पंगत उठेपर्यंत समजावत बसायचं, याला धीर लागतो. तो तुम्ही दाखवलात.

मी रेडिओलॉजिस्ट. पाहुण्याने अशा प्रसंगी आयुष्याविषयी चार शब्द सांगावेत असा रिवाज आहे. मी मात्र छातीच्या, घोट्याच्या आणि कंबरेच्या फोटोंविषयी बोलणार आहे, कारण त्यातलं मला थोडंफार कळतं.

तुमच्या शिक्षणात आम्ही तुम्हाला फोटो वाचायला शिकवलं. ते हवंच होतं. पण फोटो वाचणारे तुम्हाला पुढेही मिळतील. शहरात रेडिओलॉजिस्ट आहेत, तालुक्याहून मोबाइलवर फिल्म पाठवता येते, आणि आता तर संगणकही वाचतो. मात्र फोटो काढायचा की नाही, आणि रिपोर्ट आल्यावर या माणसाचं पुढे काय करायचं, या दोन गोष्टी त्या माणसाला ओळखणारा डॉक्टरच ठरवू शकतो. फोटोच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम तुमचं आहे. आम्ही शिकवताना नेमकं तेच कमी शिकवतो.

अलीकडच्या कामापासून सुरुवात करू. पाय मुरगळलेला माणूस लंगडत आत येतो आणि टेकण्याआधीच म्हणतो, ‘डॉक्टर, एकदा फोटो काढूनच टाकू.’ कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम मांडले. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत अंगठ्याने दाबत जायचं. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाचं बूड दाबायचं. आतल्या बाजूला नॅव्हिक्युलर दाबायचं. मग चार पावलं टाकायला सांगायचं. हाडावर दुखत नसेल आणि लंगडत का होईना, चार पावलं पडत असतील, तर हाड मोडल्याची शक्यता फारच थोडी. अशा वेळी फोटोवाचून काही अडत नाही, आणि पेशंटचा एक दिवसाचा रोज व तालुक्याला जायचं एसटीचं भाडं वाचतं. पण मधुमेहाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, किंवा जो पिऊन आला आहे, त्याला हा नियम लावायचा नाही. त्याची साखर किती वर्षांपासून आहे आणि तो संध्याकाळी कुठे बसतो, हे आमच्या विभागात कोणाला ठाऊक असणार? तुम्हाला असतं.

किरणांचा हिशेबही डोक्यात असू द्या. छातीच्या एका एक्स-रेमध्ये साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून आपल्याला दहा-पंधरा दिवसांत जेवढी मिळते तेवढीच. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र अंदाजे तीन वर्षांची मात्रा एका दमात जाते. गरज असेल तेव्हा सीटी जरूर करा, कचरू नका. पण ‘एकदा सगळंच बघून घेऊ’ ही गरज होत नाही.

तपासणी करायचं ठरलं की चिठ्ठी येते. आमच्याकडे येणाऱ्या असंख्य चिठ्ठ्यांवर ‘एक्स-रे चेस्ट पीए’ एवढंच असतं, खाली सही. त्याऐवजी अशी चिठ्ठी आली असं समजा: ‘वय ५८, बिडी ओढतात, मधुमेह, तीन आठवडे खोकला, वजन उतरलंय. पूर्वी टीबीचं औषध पूर्ण केलंय. नवीन काही आहे का?’ ही चिठ्ठी वाचणाऱ्याची नजर आपोआप फुफ्फुसाच्या वरच्या टोकाकडे, हाडांच्या आड दडलेल्या जागेकडे जाते. तेवढ्या दोन ओळींनी रिपोर्ट बदलतो.

तज्ज्ञालाही दिशा का लागते, याचा एक नमुना सांगतो. २०१३ मध्ये अमेरिकेत ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना छातीच्या सीटीमध्ये गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना गोरिला दिसलाच नाही. त्यांची नजर अधू नव्हती. जे शोधायला सांगितलं होतं, तेच ते शोधत होते. काय शोधायचं हे आम्हाला तुमच्या चिठ्ठीतून कळतं.

फिल्म हातात आली की रिपोर्ट उघडण्याआधी स्वतः पाहा. आधी नाव, तारीख, उजवी-डावी खूण. मग माणूस सरळ उभा होता का, श्वास पुरेसा घेतला होता का. मग ठरलेल्या क्रमाने सगळी फिल्म, आणि शेवटी हमखास चुकणाऱ्या जागा: गळपट्टीच्या हाडामागची टोकं, हृदयामागचा भाग, दोन्ही फुफ्फुसांची मुळं, आणि श्वासपटलाच्या खाली. तिथे, उजव्या बाजूला, काळी चंद्रकोर दिसली तर जठर किंवा आतडं फुटलेलं असू शकतं. पेशंटला बाकावर बसवून ठेवायची ती वेळ नव्हे. एक दोष सापडला म्हणून थांबूही नका. मोडलेली बरगडी सापडल्याच्या समाधानात शेजारची गाठ सुटते. तुमचं वाचन दोन ओळींत लिहून ठेवा, मगच आमचा रिपोर्ट उघडा. जुळलं नाही तर आम्हाला फोन करा. कधी आमचंही चुकलेलं असतं.

आता पलीकडचं काम. ‘डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आहे,’ असं म्हणत एमआरआयची पिशवी घेऊन येणारा माणूस तुम्हाला दर आठवड्याला भेटेल. रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहिलेलं असतं आणि त्याने पोत्याला हात लावणं सोडलेलं असतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३३ अभ्यास एकत्र केले होते. त्यातल्या ३,११० माणसांची कंबर अजिबात दुखत नव्हती. तरीही मणक्याची गादी झिजलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के होतं. केस पांढरे व्हावेत तसंच हे. ही गोष्ट पेशंटला समजेल अशा भाषेत सांगणं हेही इमेजिंगचंच कौशल्य आहे, आणि ते तुमच्या परीक्षेत कोणी विचारलं नाही. अर्थात लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद कमी झाली, ताप आहे, वजन घटतंय किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेलाय, तर त्याच दिवशी हालचाल करायची.

सोनोग्राफीबद्दल तुमच्यातले कित्येक जण विचारतात. अमेरिकेत फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटना खाटेशेजारची सोनोग्राफी शिकवतात: पोटात पाणी आहे का, लघवी तुंबलीय का, पायाच्या शिरेत गुठळी आहे का. मग आम्हाला का नाही? याचं उत्तर आपल्याच घरात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ उरल्या. त्या काळात सोनोग्राफीचा प्रोब डॉक्टरांच्याच हातात होता. मशीनची नोंदणी, गरोदर बाईच्या तपासणीचा फॉर्म एफ, एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांतलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण, या अटी आपल्या व्यवसायाने स्वतःवर ओढवून घेतल्या आहेत. ज्यांना सोनोग्राफी करायची आहे त्यांनी रीतसर शिका, नोंदणी करा, मगच हात घाला. पळवाट शोधू नका.

राहिला संगणक. टीबीच्या तपासणीसाठी, पंधरा वर्षांवरच्या माणसांच्या छातीचा फोटो संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. हातात मावणारी एक्स-रे मशीन घेऊन पथकं आता वाड्या-वस्त्यांवर जातात. त्याचं स्वागत करा. पण संगणकाने संशय दाखवला म्हणजे टीबी सिद्ध झाला नाही. थुंकी तपासावी लागते, मग ती गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रुनॅटवर असो की दुसऱ्या मशीनवर. आणि फुफ्फुसावरचा तो डाग आजचा की पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्या झालेल्या आजाराचा व्रण, हे जुन्या फिल्मवरून कळतं. ती फिल्म घरच्या लोखंडी कपाटावर, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. सून ती शोधून आणते, कारण तुम्ही तिला नावाने हाक मारून सांगितलेलं असतं.

जाता जाता माझ्या प्राध्यापक सहकाऱ्यांना एक विनंती. रेसिडेंटला पंधरा दिवस आमच्या विभागात पोस्टिंग देऊन कोपऱ्यात उभं करू नका. आठवड्यातून एक तास द्या. त्यात त्याने स्वतःच्या पेशंटची फिल्म आणावी, तपासणी का सांगितली ते सांगावं, स्वतःचं वाचन मांडावं, आणि रिपोर्टनंतर उपचारात काय बदललं याचा जाब द्यावा. काहीच बदललं नसेल, तर ती तपासणी मुळात हवी होती का, हेही तिथेच विचारावं.

डॉक्टरांनो, उद्या तुमच्या दवाखान्यात पहिला पेशंट ‘फोटो काढू का?’ असं विचारेल. ‘हो’ म्हणालात तर चिठ्ठीवर प्रश्न लिहा. ‘नको’ म्हणालात तर का नको ते त्याला सांगा, आणि बरं वाटलं नाही तर कधी परत यायचं तेही सांगा. दोन्ही उत्तरं देण्याचा अधिकार आजच्या पदवीने तुम्हाला दिला आहे. तो बिनदिक्कत वापरा.