चक्कर, पित्त आणि मागचा मेंदू
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आनंदाच्या दिवशी आजाराचं काय बोलायचं, असं मी संयोजकांना म्हणालो होतो. पण सकाळी नाश्त्याच्या वेळी पाहिलं, निम्म्या खिशांतून बीपी-शुगरच्या गोळ्या निघाल्या. म्हणून बोलतो.

‘अंगावरून वारं गेलं’ म्हटलं की तोंड वाकडं, एक हात-पाय लुळा, हेच आपल्या डोळ्यांपुढे येतं. मेंदूच्या मागच्या भागाचा झटका बऱ्याचदा तसा दिसत नाही. तो मी माझ्याच घरात ओळखला नाही.

२०११ ची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस. थोरल्या मामांना सकाळी एकदम गरगरलं, उलट्या झाल्या. उभं राहिले की तोल जाई. एकाचे दोन दिसतात म्हणाले, बोलणं जड झालं. पित्त झालं असेल म्हणून मामींनी लिंबूपाणी दिलं, तर ठसका लागला. मला फोन आला. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर. एकच प्रश्न विचारला, “हात-पाय हलतात ना?” हलत होते. “मग झोपू द्या, सकाळी बघू.” रात्री ते हाक मारूनही उठेनात. तिसऱ्या दिवशी गेले.

मानेच्या मणक्यांतून दोन धमन्या वर चढतात आणि कवटीत एकत्र येतात. ती बॅसिलर धमनी. रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, पण मेंदूचा देठ तिच्यावर जगतो. श्वास, शुद्ध, गिळणं, डोळ्यांची हालचाल, सगळं तिथे. तिच्यात गुठळी अडकली आणि काहीच केलं नाही, तर बहुतेक रुग्ण दगावतात किंवा कायमचे अंथरुणाला खिळतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत देतात, पण मोठी गुठळी त्याला दाद देतेच असं नाही. आपल्या चक्राकार बारवेतला गाळ लोकांनी खाली उतरून उपसला, तसंच इथे करावं लागतं. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि गुठळी जाळीत धरून किंवा शोषून बाहेर काढतात.

पुढच्या मेंदूसाठी हा उपचार २०१५ मध्येच सिद्ध झाला. मागच्यासाठी सुरुवातीच्या दोन अभ्यासांत स्पष्ट फायदा दिसला नाही. मग २०२२ मध्ये चीनमधले दोन अभ्यास आले. एकात १२ तासांच्या आत आलेले ३४० रुग्ण होते. तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांवर चालू शकणारे किंवा त्याहून बरे असलेले, गुठळी काढलेल्यांत ४६ टक्के, नुसत्या औषधांवर २३ टक्के. दुसऱ्यात ६ ते २४ तासांत आलेल्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. पण फसू नका, पहिल्या अभ्यासात उपचार होऊनही ३७ टक्के गेले, आणि काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. औषधांवर मात्र ५५ टक्के गेले होते.

मामांच्या वेळी हे काहीच सिद्ध नव्हतं. पण तो दिवस मी झोपेत घालवायला सांगितला, हे खरं.

प्रत्येक चक्कर म्हणजे झटका नव्हे; बहुतेक कानाच्या असतात. पण अचानक चक्कर आणि सोबत दोन-दोन दिसणं, बोबडी, गिळताना ठसका, आधाराशिवाय बसताही न येणं किंवा गुंगी, यातलं एकही असलं तर पाणी, गोळी, लिंबूपाणी काही पाजू नका. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. सेलू-परभणीहून पुढे छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडला न्यायचं ठरलं, तर निघण्याआधी तिथे विचारा, “नळीनं गुठळी काढणारे डॉक्टर आत्ता आहेत का?” साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. मागचा झटका त्यात सुरुवातीला दिसत नाही. रक्तवाहिन्यांचा सीटी लागतो.

मघाशी गुरुजींनी विचारलं, रात्री उशीर झाला असेल तर सकाळपर्यंत थांबावं का? नाही, गुरुजी. सकाळपर्यंत थांबा असं मी एकदा सांगून बसलोय. माझा नंबर आपल्या ग्रुपवर आहे. रात्री दोनलाही उचलतो, आणि आता फक्त हात-पायांचं विचारत नाही.