ठोशातली ताकद

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या दिवाळीनंतर आपल्या तालमीच्या तुळईला पोरांनी एक काळी बॅग टांगली. बॉक्सिंगची. हौद्याच्या कडेला, मारुतीरायाच्या तसबिरीसमोर. त्यावरून कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या. आपल्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "लाल माती अंगाला न लावता पैलवान होता येतं व्हय रं?" तर एक पोरगा म्हणाला, "आबा, टायसनला कुठली लाल माती लागली होती?" तो पोरगा माझा पुतण्या. तेव्हा सचिवांनी मला सांगितलं, तुझ्या घरातलं प्रकरण आहे, यंदा तूच बोल.

वास्तविक मी सरकारी खात्यातला माणूस, पदविका स्थापत्याची. तुळईला बॅगेचं वजन सोसेल का, एवढंच मला विचारायला हवं होतं. पण कुस्ती वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली आणि मुष्टियुद्धाचा नाद कॉलेजात असताना लागलेला, म्हणून उभा राहिलो.

आपल्या भागात कुस्तीच्या फडात बसलं की एक वाद हमखास निघतो. कुणाची ताकद जास्त? एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे की मारुती माने? गणपतराव आंदळकर की दादू चौगुले? खंचनाळे तर आपल्याच चिकोडी तालुक्यातले. १९५९ साली दिल्लीला पंजाबच्या बंतासिंगला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले. जन्मले सीमेच्या अलीकडे, घडले पलीकडे कोल्हापुरात. त्यांना कुणाचं म्हणायचं हा वाद आपण घालतो, मातीने कधी घातला नाही. २०२० च्या डिसेंबरात ते गेले.

असाच वाद तिकडे अमेरिकेत हेवीवेट मुष्टियोद्ध्यांवरून चालतो. सर्वांत जबर ठोसा कुणाचा? जो लुईचा, रॉकी मार्सियानोचा, जॉर्ज फोरमनचा, अर्नी शेव्हर्सचा की टायसनचा?

आधी ताकद म्हणजे काय ते बघू. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ओझी वाहणारे हमाल आपण पाहिलेत. त्यांची पाठ लोखंडाची. पण ओझं उचलणं वेगळं आणि ठोसा मारणं वेगळं. ठोसा लोहाराच्या घणासारखा असतो. नवशिका लोहार दंडाने घण मारतो आणि तासाभरात दमतो. जुना लोहार टाचेपासून मारतो. टाच वळते, मांडी वळते, कंबर फिरते, मग खांदा, आणि सगळ्यांत शेवटी मूठ. अंगाचं वजन मुठीच्या मागे येऊन उभं राहतं, तेही नेमकं लागायच्या क्षणी. क्षण चुकला की नुसती थप्पड. आपले वस्ताद धोबीपछाड शिकवताना दुसरं काय सांगतात? हाताने ओढू नको, कंबर आत घाल.

हा ठोसा मोजलाही गेला आहे. १९८५ साली इंग्लंडमध्ये फ्रँक ब्रुनो नावाच्या हेवीवेटला संशोधकांनी यंत्र बसवलेल्या लोलकावर ठोसा मारायला लावला. मुठीचा वेग भरला सेकंदाला सुमारे ८.९ मीटर आणि जोर सुमारे ४,१०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ चारशे किलो वजनाएवढा. तोही एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. माणसाच्या डोक्यावर तो बसला तर सव्वासहाशे किलोंच्या घरात जाईल, असा त्यांनी हिशेब मांडला. सहा किलोचा लाकडी हातोडा ताशी वीस मैलांच्या वेगाने डोक्यात घातल्यासारखं.

एवढा मोजूनमापून घेतलेला ठोसा असलेला हा ब्रुनो १९८९ साली टायसनपुढे उभा राहिला. पहिल्याच फेरीत त्याने टायसनला हलवलंही. पण पाचव्या फेरीत लढत थांबवावी लागली, ब्रुनोच्या बाजूने. १९९६ साली पुन्हा गाठ पडली, तेव्हा तिसऱ्या फेरीतच आटोपलं.

म्हणजे न्यूटनमध्ये सगळं बसत नाही. मार्सियानोचं बघा. उंची पाच फूट दहा इंच, वजन ८४-८५ किलो, हात तर हेवीवेटांमध्ये आखूडच. आजच्या व्यावसायिक नियमाने त्याला हेवीवेटात धरलंच नसतं, तिथं नव्वद किलोंच्या वर लागतं. पण ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ निकाली. १९५२ साली फिलाडेल्फियाला जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं होतं. तेराव्या फेरीपर्यंत गुणांवर वॉलकॉटच पुढे. मग दोघांनी एकाच वेळी उजवा हात सोडला आणि मार्सियानोचा आधी पोचला. थोड्याच अंतरावरून आलेला ठोसा. वॉलकॉट दोरावर लोंबकळत खाली बसला.

शेव्हर्सची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. ७४ विजय, त्यांपैकी ६८ निकाली. अली आणि लॅरी होम्स या दोघांनीही त्याच्या ठोशाला मान दिली. त्याच्या ठोशाने आफ्रिकेतले आपले भाऊबंदसुद्धा हादरले, असं अली गमतीने म्हणत असे. १९७९ मध्ये होम्सला त्याने सातव्या फेरीत असा पाडला की लढत संपली असंच वाटावं. होम्स उठला, आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सच हरला. ठोसा एवढा, पण जगज्जेतेपद नाही ते नाहीच. आपल्या तालमीतही अशी माणसं होऊन गेली. वस्तादांना विचाराल तर "त्याच्याएवढी ताकद कुणात नव्हती" म्हणतील, पण गदेवर नाव दुसऱ्याचंच.

आणि फोरमन. १९७३ साली जमैकात जो फ्रेझियरला त्याने दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवला. पुढच्याच वर्षी किन्शासाला अली त्याच्यासमोर आला, तेव्हा अलीच्या जिवाची काळजी वाटणारे लोक कमी नव्हते. अलीने काय केलं, तर दोराला पाठ टेकली, हात तोंडापुढे धरले आणि मार म्हणाला. फोरमन मारत राहिला. आठव्या फेरीत त्याचेच हात जड झाले आणि अलीने त्याला उताणा केला. ही युक्ती आपल्याला नवी नाही. १९१० साली लंडनला आपल्या गामापुढे झिबिस्को हा पोलंडचा मल्ल असाच मॅटला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, कुस्ती निकाली होईना. १९२८ साली पतियाळाला तोच झिबिस्को मातीत उतरला, तेव्हा गामाने त्याला मिनिटभरही टिकू दिलं नाही. फोरमनचंही पुढे तसंच झालं म्हणा. १९९४ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून त्याने जगज्जेतेपद परत घेतलं. सगळं गेलं तरी ठोसा शेवटपर्यंत राहतो म्हणतात, ते यावरूनच.

आता पोरांनो, इथून पुढचं जरा लक्ष देऊन ऐका. यासाठीच मी हे भाषण कबूल केलं.

ठोशाने माणूस बेशुद्ध का पडतो? हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं. कवटी फिरते, आतला मेंदू मागे राहतो, मग आपटतो आणि ताणला जातो. न दिसलेला ठोसा जास्त लागतो, कारण मान आवळायला वेळच मिळत नाही. बॉक्सिंगचे मोजे समोरच्याचं डोकं वाचवायला असतात असा समज आहे. ते वाचवतात मारणाऱ्याची बोटं. बोटं वाचली की डोक्यावर आणखी मारता येतं. डोक्याच्या टोपणाने भुवई फुटायची वाचते, आतलं हलणं थांबत नाही. ऑलिंपिकच्या पुरुषांच्या लढतींतून तर २०१६ ला ते काढूनच टाकलं.

१९२८ साली, म्हणजे गामाने पतियाळा गाजवलं त्याच वर्षी, अमेरिकेत मार्टलंड नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेले मुष्टियोद्धे पुढे दारू प्यायल्यासारखे चालतात, त्यांची जीभ जड होते. जेरी क्वारी हा देखणा हेवीवेट अली, फ्रेझियर, शेव्हर्स सगळ्यांशी लढला. पुढे त्याला मुष्टियुद्धातून येणारा स्मृतिभ्रंश झाला. १९९९ साली तो वारला तेव्हा वय फक्त ५३. माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता. अलीच्या कंपवाताचं कारण ठोसेच होते का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण किन्शासाला दोराला टेकून त्याने जे झेललं, ते कुठे ना कुठे जमा झालंच असणार असं मला वाटतं.

कुस्तीत दुखापत होत नाही असं मी म्हणणार नाही. कान फुटतात, गुडघे जातात, माझ्या वडिलांचा खांदा आजही पावसाळ्यात बोलतो. पण चितपट म्हणजे पाठ मातीला लागणं. समोरच्याची शुद्ध घालवणं हा कुस्तीचा निकाल नव्हे.

म्हणून बॅग काढून टाका असं म्हणू का? नाही म्हणणार. आपल्याच देशाच्या हवासिंगांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण आणलं. कौरसिंगांनी १९८० साली दिल्लीत खुद्द अलीशी प्रदर्शनी लढत दिली आणि १९८२ ला सुवर्ण घेतलं. दोघेही लष्करातले जवान. बेळगावला मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, आपली पोरं भरतीची तयारी करतात, त्यांना हे शिकावंसं वाटणं चूक नाही. आणि खरं सांगायचं तर चार वर्षं ओस पडलेल्या तालमीत त्या बॅगेमुळे संध्याकाळी वीस-बावीस पोरं येऊ लागली. त्यांतली पाच-सहा आता हौद्यातही उतरतात. आबा, हे तुम्हीही पाहिलंय.

मी कार्यकारिणीला तीन गोष्टी लिहून दिल्यात. शिकवायला जाणता प्रशिक्षक असल्याशिवाय समोरासमोर लढत नाही. सोळा वर्षांखालच्यांनी फक्त बॅगेवर मारायचं, एकमेकांच्या डोक्यावर नाही. आणि कुणाला भोवळ आली, ओकारी झाली, तर त्या पोराला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याने मोजे घालायचे नाहीत. पुतण्याला मी हे घरी सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काका, टाच कशी वळवायची ते दाखवता का?" मला कुठं येतंय! आम्ही दोघं आबांकडे गेलो. आबांनी आधी त्याला शंभर बैठका मारायला लावल्या.

राहता राहिली तुळई. ती मी शिडी लावून पाहिली. सागवानी आहे, जुनी आहे, आणि भिंतीत गेलेल्या टोकाला वाळवी लागली आहे. बॅगेचं वजन ती सोसेल, ठोशाचे हादरे सोसणार नाही. अनंत चतुर्दशीनंतर बॅग तिथून उतरवून मागच्या अंगणात लोखंडी चौकट उभारावी, असा अंदाजपत्रकासह अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. वर्गणी देणाऱ्यांनी आज जाताना नावं नोंदवावीत.

गणपती बाप्पा मोरया!