रजिस्ट्रीआधी घराची रेकी

मी छत्तीसगढमधल्या चरोद्याहून बोलतोय. चरोदा म्हणजे भिलाईचंच एक टोक. इथे रेल्वेचं मोठं मार्शलिंग यार्ड आहे, विद्युत इंजिनांचं शेड आहे आणि शेजारी पोलाद कारखाना. त्यामुळे इथला माणूस बहुतेक रेल्वेचा नाहीतर प्लांटचा. त्यांत नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली आपली मराठी घरंही पुष्कळ. आयुष्य क्वार्टरमध्ये जातं आणि साठीला क्वार्टर सोडायची वेळ आली की पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकत्र करून माणूस पहिलं घर घेतो. पहिलं आणि शेवटचं. ते चुकलं तर दुसऱ्यांदा एवढे पैसे उभे राहत नाहीत. म्हणून आजचा विषय: घर विकत घेण्याआधी ते तपासून घेणं.

लष्करात बदली झाली की नव्या क्वार्टरचा ताबा घेताना 'मार्चिंग इन' होतं. एमईएसचा माणूस यादी घेऊन येतो. खिडक्यांच्या काचा किती, नळ किती, कुठली फरशी तडकलेली, सगळं लिहून मग सही. कारण घर सोडताना जी मोडतोड यादीत नसेल तिचे पैसे तुमच्या पगारातून जातात. दोन-तीन वर्षांच्या मुक्कामाच्या सरकारी घरासाठी एवढी तपासणी! आणि बाहेर आलो तर पाहतो, लोक तीस लाखांचं घर पंधरा मिनिटांत पसंत करतात. स्वयंपाकघर बघितलं, देवघराची दिशा बघितली, की बयाणा दिला.

विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे घर चांगलंच असणार." तसं नसतं हो. बँकेचा वकील मालकी हक्काची कागदपत्रं बघतो. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो किंमत ठरवायला, उद्या हप्ते थकले तर घर विकून पैसे वसूल होतील का एवढ्यापुरता. माळ्यावर चढून वाळवी बघणं हे त्याचं काम नाही. रजिस्ट्री कार्यालयात तर फक्त कागद आणि मुद्रांक शुल्क. म्हणजे या सगळ्या धावपळीत कागद तीन वेळा तपासला जातो आणि भिंत एकदाही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. जुनं घर एका माणसाकडून दुसऱ्यानं घेताना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्यानं मोठे दोष सांगायला हवेत, पण कोणते? जे त्याला माहीत आहेत, तुम्हाला माहीत नाहीत, आणि साधारण काळजी घेऊनही तुम्हाला सापडले नसते, ते. म्हणजे जे बघितलं असतं तर दिसलं असतं, ते तुमच्या कपाळी. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घराला रेराचं संरक्षण आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण वीस वर्षं जुन्या घराला त्याचा काय उपयोग?

गेल्या वर्षी रेल्वेतून निवृत्त झालेले माझे एक परिचित असंच घर घेत होते. नाव सांगत नाही. घर बावीस वर्षांचं, बैठं, पुढे अंगण, आणि नुकताच रंग दिलेला. मला नुकताच रंगवलेला घरमालक आणि नुकतंच रंगवलेलं घर, दोन्हींची जरा शंका येते. वहिनींना अंगण फार आवडलं होतं. मी एवढंच म्हटलं, "बयाण्याच्या कागदात एक ओळ घाला. इंजिनिअरनं तपासल्यावर मोठा दोष निघाला तर बयाणा परत." दलालाचं तोंड वाकडं झालं, पण मालक तयार झाले. ते बिचारे सरळ गृहस्थ होते.

दलाल स्वतःचाच इंजिनिअर देत होता, तो आम्ही नम्रपणे नाकारला. प्लांटमधून निवृत्त झालेले एक सिव्हिल इंजिनिअर आणले. त्यांनी पाच हजार घेतले आणि अडीच तास लावले. हातात टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक नाणं. नाण्यानं प्लास्टर ठोकत गेले. जिथे भदभद वाजलं तिथे प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं. स्लॅबच्या खालच्या बाजूला, न्हाणीघरापाशी, नव्या रंगातूनही तांबूस डाग उमटला होता. आत सळई गंजतेय. गंजलं की लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं.

मग बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग. दलाल म्हणाला, "यार्डातल्या गाड्यांमुळे होतं, सगळ्यांकडे आहे." इंजिनिअरनी भेगेत बोट फिरवलं. आत जुनी पुट्टी होती, आणि पुट्टीच्या बाजूनं ती पुन्हा फाटली होती. म्हणजे भेग जिवंत. त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, इथे आधी काय होतं? "धानाचं शेत. पूर्ण कन्हार."

हा शब्द महाराष्ट्रातल्यांसाठी सांगतो. छत्तीसगढचा शेतकरी जमिनीला नावानं ओळखतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. कन्हार म्हणजे आपली काळी कसदार माती, विदर्भातली कापसाची तीच. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. उथळ पायाचं घर तिच्यावर असेल तर दरवर्षी थोडं वर, थोडं खाली. भाठ्यावर, म्हणजे मुरमाड जमिनीवर, हा त्रास कमी. तेव्हा अकोला असो, परभणी असो की चरोदा, घराखाली कुठली माती आहे हे विचाराच. बिल्डरपेक्षा जुना शेतकरी खरं सांगतो.

वाळवीचं मात्र वेगळं बघावं लागतं. इथे तिला दियार म्हणतात. आपल्याकडे घरं पोखरणारी वाळवी बहुतेक जमिनीतून येते. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या बांधत चढते. रंगाऱ्यानं त्या खरवडून टाकल्या की वरून काही दिसत नाही. मग चौकटीचा तळ, ओट्याखालच्या कपाटांची पाठ, माळा, स्विच बोर्डाचं झाकण हे उघडून बघायचं. लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजतं का? खिडकीच्या कठड्यावर, कोळ्याच्या जाळ्यात गळलेले पंख आहेत का? पहिल्या पावसानंतर ते हमखास सापडतात. "साग आहे, वाळवी लागत नाही" हेही अर्धंच खरं. सागाचा आतला गाभा टिकतो, बाहेरचा पांढुरका भाग वाळवी आनंदानं खाते. आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला नुसतं बघण्याचे पैसे द्या. फुकट बघणाऱ्याला प्रत्येक घरात वाळवी दिसते.

आमच्या त्या घरात माळ्याच्या मागच्या फळीत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. मालक स्वतः खजील झाले. चार वर्षांत ते माळ्यावर चढलेच नव्हते.

माझी भाची ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला असते. तिकडे घराच्या करारातच इमारत आणि कीड तपासणीची अट असते, आणि अहवाल समाधानकारक नसेल तर करार सोडता येतो. आपल्याकडे हा रिवाज नाही. तपासणी म्हटलं की समोरच्याला वाटतं आपल्यावर अविश्वास दाखवला. शहरांत आता अशी तपासणी करून देणाऱ्या कंपन्या निघाल्यात. लहान गावात सिव्हिल इंजिनिअर आहेतच, विचारायचं फक्त आपण.

पण तपासणी म्हणजे एक्स-रे नव्हे, हेही सांगतो. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, १६ माणसं गेली. इमारत जेमतेम दहा वर्षांची. खांबाच्या आत काय भरलंय ते नाण्यानं ठोकून कळत नाही. फ्लॅट घेताना म्हणून फक्त आपल्या चार भिंती बघू नका. खाली पार्किंगमध्ये जा, खांब बघा, गच्ची बघा, सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट आहे का विचारा.

परिचितांचं पुढे काय झालं? अहवाल मालकांसमोर ठेवला. भांडण नाही, आवाज नाही. दुरुस्तीचा अंदाज दोन लाख चाळीस हजार निघाला. मालकांनी किमतीतून दोन लाख कमी केले. वहिनींना अंगण मिळालं. न्हाणीघरावरचा स्लॅब दुरुस्त झाला, माळ्याची फळी जाळली, भिंतीच्या कडेनं फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरलं. बेडरूमच्या भेगेवर इंजिनिअरनी काचेची एक पट्टी सिमेंटनं चिकटवून ठेवली आहे. भेग हलली तर काच तडकेल. उन्हाळाभर ती शाबूत होती. आता पावसाळा संपला की आम्ही तिघं पुन्हा बघायला जाणार आहोत.