मिश्र पदवीची पुढची वाट

इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य असे विषय एकत्र अभ्यासून पदवीधर झालेल्या तरुणाला घरचे विचारतात, ‘आता पुढे काय?’ प्रश्न रास्त आहे. इरावती कर्वे यांनी १९२६ साली तत्त्वज्ञानाची पदवी मिळविली, १९२८ साली समाजशास्त्रात एम. ए. केले, आणि नंतर बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. विषय पालटले, मनुष्याविषयीची जिज्ञासा कायम राहिली. आज नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते. २०२२ च्या नियमांनी, चार वर्षांच्या पदवीत साधारणतः ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.चीही मुभा दिली आहे. तेव्हा आपल्याला कोणता प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, हे विद्यार्थ्याने आधी ठरवावे. त्याला साजेसे विद्यापीठ वा नोकरी मग शोधावी.