कायनेसिऑलॉजीला जाताना सल्लागार कोण?



आपल्याकडे फिजिओथेरपीची पदवी घेतलेले बरेच तरुण अमेरिकेत कायनेसिऑलॉजीत एमएस करायला जातात. हे शरीराच्या हालचालींचं शास्त्र. पूर्वी ते शारीरिक शिक्षणातच मोडायचं. त्याला स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा हवा, अशी बाजू बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी १९६४ साली मांडली. आज या एका नावाखाली कोणी ट्रेडमिलवर धावणाऱ्याचा प्राणवायू मोजतो, कोणी गुडघ्याला खुणा चिकटवून कॅमेऱ्यांनी चाल टिपतो, तर कोणी खेळाडूच्या मनाचा अभ्यास करतो. पदवी एकच, पण वाटा इतक्या वेगळ्या, की इथे सल्लागाराशिवाय विषय निवडणं धोक्याचं आहे.

सल्लागार दोन प्रकारचे असतात. एक विभागाचा समन्वयक: किती क्रेडिट झाले, कोणता विषय सक्तीचा, अर्ज कधी भरायचा हे तो पाहतो. दुसरा प्रबंधाचा मार्गदर्शक. त्याची प्रयोगशाळा म्हणजे तुमची पुढची दोन वर्षं. म्हणून प्रवेशाआधीच त्याचं संशोधन वाचून त्याला पत्र लिहा. नवा विद्यार्थी घेणार आहात का, सहायकपदाचं मानधन मिळेल का, हे मोकळेपणाने विचारा. तिथे असं विचारणं उद्धटपणा मानत नाहीत. आपली मुलं इथेच संकोचतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र पैसे भरण्याआधी कळलीच पाहिजे. अमेरिकेत रुग्णांवर फिजिओथेरपीचे उपचार करायला राज्याचा परवाना लागतो, आणि तो एमएस कायनेसिऑलॉजीने मिळत नाही. त्यासाठी परदेशी पदवीची छाननी आणि राष्ट्रीय परीक्षा हा वेगळाच रस्ता आहे. कर्ज काढून गेलेल्या मुलाला हे तिसऱ्या सत्रात कळावं, हा त्याच्यावर अन्यायच. चांगला सल्लागार पहिल्याच भेटीत विचारतो: शिकून काय व्हायचंय? संशोधक, प्रशिक्षक की थेरपिस्ट?

प्रबंध करणार असाल तर नैतिकता समितीच्या मंजुरीचा वेळही आधीच धरा. माणसांवरचा प्रयोग तिच्याशिवाय सुरू करता येत नाही. मंजुरी लांबली की मोजमापं लांबतात आणि सत्र वाढतं. व्हिसावर असाल तर विषय सोडण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातही विचारा, कारण क्रेडिट कमी पडले तर व्हिसा अडचणीत येतो.

आणि मार्गदर्शक ठरवण्यापूर्वी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. सर किती वेळा भेटतात, लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत देतात, हे तेच खरं सांगतील.